जॅझच्या यादीत १९५९ इतकं का भेटतं?

‘हे ऐकलंच पाहिजे’ अशा जॅझ अल्बमांची कुठलीही यादी काढा, १९५९ हे साल हमखास पुन्हा पुन्हा येतं. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रूबेकचा ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह अम’, ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’, हे सगळे त्याच वर्षीचे. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं विशीतलं वादन मात्र संकलन म्हणूनच यादीत येतं, तेही बऱ्याचदा शेवटाकडे. याला त्याची गुणवत्ता नव्हे, तबकडी जबाबदार आहे.

जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ साली निघाली. त्या काळच्या दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आर्मस्ट्राँगने १९२५ ते १९२८ या काळात ‘हॉट फाइव्ह’ या आपल्या वादकसंचाबरोबर जे केलं, ते त्या तीन मिनिटांत संपूर्ण आहे. त्याला मोठ्या अल्बमचा तुकडा समजून ऐकणं हा त्या संगीतावर अन्यायच.

‘अल्बम’ हा शब्दही तेव्हाचाच. कागदी पाकिटं फोटोंच्या वहीसारखी एकत्र बांधायची आणि त्यांत तबकड्या ठेवायच्या. जॅझसाठी मुद्दाम योजलेला असा पहिला संच म्हणून डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या १९४० सालच्या ‘शिकागो जॅझ’चं नाव घेतात. तो घडवणारा जॉर्ज अवाकियान तेव्हा येल विद्यापीठात शिकत होता.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हौशी रसिकांचं काम. जुन्या तबकडीच्या लेबलवर बहुधा बँडचं नाव तेवढं असे. ट्रम्पेट कुणाचा, क्लॅरिनेट कुणाचा, हे कानानेच ओळखायचं आणि त्यावरून तासन्‌तास वाद घालायचे. पॅरिसच्या शार्ल दलोनेने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ काढून ही माहिती सूचीबद्ध केली. न्यूयॉर्कमध्ये कमोडोर हे रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या मिल्ट गॅबलरने बाजारातून गेलेल्या रेकॉर्ड पुन्हा काढल्या आणि लेबलवर वादकांची नावं छापली. कुठली रेकॉर्ड जपायची, हे अशा कानसेनांनी विद्यापीठांच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं.

१९४८ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली; १९५९ चे ते अल्बम याच तबकडीवरचे. त्याने काय बदललं, हे बँडप्रमुख आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या एकाच रचनेत ऐकू येतं. ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ १९३७ मध्ये एका तबकडीच्या दोन बाजूंवर निघाली. पहिली बाजू संपली की तबकडी उलटायची, मगच पुढचा भाग. ७ जुलै १९५६ ला अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात एलिंग्टनने या दोन भागांच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्व्हिसला मोकळी करून दिली आणि गोन्साल्व्हिसने सलग २७ आवर्तनं वाजवली. श्रोते उठून नाचू लागले. पूर्वी जिथे तबकडी उलटावी लागे, तिथेच हा सोलो बसला आहे. सगळं मिळून चौदा मिनिटांहून जास्त, आणि एलपीच्या एका बाजूवर सलग!

त्या रात्री गोन्साल्व्हिस चुकून व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिला, कोलंबियाच्या नव्हे. त्यामुळे १९५६ च्या एलपीवर त्याचा आवाज लांबून आल्यासारखा लागतो. शिवाय त्या एलपीवरचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून, वर टाळ्या चढवलेला होता. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली, दोन्ही ध्वनिमुद्रणं जुळवली गेली आणि १९९९ च्या आवृत्तीत त्याचा सॅक्सोफोन अगदी समोर आला.

‘काइंड ऑफ ब्लू’चंही असंच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र किंचित हळू चालत असल्याने पहिल्या बाजूचा सूर मूळपेक्षा जरासा चढा लागत असे, आणि ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली गेली. म्हणून हे दोन अल्बम कुणाला सुचवताना मी नावापाशी थांबत नाही, आवृत्तीचं सालही सांगतो.