क्लब हातात फिरतो कुठून? गोल्फच्या पकडीमागचा इतिहास

गोव्यात गोल्फ उशिरा रुजला. इंग्रजांनी कोलकात्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब काढले, पण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या गोव्यापर्यंत ती परंपरा पोचलीच नाही. इथे हा खेळ आला तो किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांबरोबर. दक्षिण गोव्यात मोबोरला १२ होलचं मैदान झालं, काणकोणच्या राजबागेत ९ होलचं. त्यामुळे वयाच्या पस्तिशी-चाळिशीत गोल्फकडे वळणारा गोंयकार क्रिकेटची किंवा हॉकीची पकड सोबत घेऊन येतो. क्रिकेटमध्ये वरचा हात घट्ट आणि खालचा सैल, तर हॉकीत दोन हातांत चांगलं अंतर. गोल्फमध्ये दोन्ही हातांनी एकच हात असल्यासारखं काम करायचं असतं. हे अवघड आहे, आणि ते साधायला मूळ गोल्फवाल्यांनाही बरीच वर्षं लागली.

गोंधळ नको म्हणून शब्द वेगळे ठेवू. चेंडू मारायची काठी तो 'क्लब', हातांची ती 'पकड' आणि क्लबच्या दांड्यावरचं रबर ती 'ग्रिप'. इतिहासात पकड आणि ग्रिप दोन्ही एकमेकांना बदलत आल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये दांडे लाकडी होते. दांड्यावर कापडाच्या पट्ट्या आणि वर चामडं गुंडाळलेलं असे, त्यामुळे मूठ जाडजूड व्हायची. अशी मूठ बोटांत मावत नाही, तळव्यातच धरावी लागते, अगदी आपण कोयत्याची मूठ धरतो तशी. दहाही बोटं दांड्यावर, उजवा तळवा दांड्याखाली. अशा पकडीत स्विंगच्या टोकाला (क्लब मागे वर नेल्यावर) क्लब तळव्यात सरकतो आणि खाली येताना मुळच्या जागी परत येईलच असं नाही. चेंडूवर येणारा क्लबचा चेहरा (चेंडूला लागणारा सपाट भाग) म्हणूनच दर फटक्याला वेगळा.

मुठी बारीक होत गेल्या तशी बोटांना जागा मिळाली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर ठेवणारी पकड आज गोल्फपटू हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाते. ती वापरणारे ते पहिले नव्हेत. १८८९ आणि १८९१ ची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकणारे जॉनी लेडले तशीच पकड धरत. पण १८९६ ते १९१४ दरम्यान व्हार्डन यांनी सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली आणि पकड जगभर गेली. तिचं खरं मर्म करंगळीत नाही. डावा अंगठा दांड्यावर लांब ठेवायचा आणि उजव्या तळव्याच्या खोबणीत तो झाकायचा, म्हणजे दोन हातांमध्ये फट उरत नाही. करंगळी फक्त कुलूप लावते. हात लहान असेल तर करंगळी डाव्या तर्जनीत अडकवणं सोपं जातं. जीन साराझेन, जॅक निकलस आणि टायगर वुड्स या दिग्गज गोल्फपटूंची पकड ती. १९५९ ची पीजीए स्पर्धा जिंकणारे बॉब रोसबर्ग दहा बोटांनीच खेळत. म्हणून करंगळीच्या वादात फार वेळ घालवू नये.

पुढचा बदल दांड्यातून आला. हिकरी लाकडाचा दांडा फटक्यात पिळायचा. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली परवानगी मिळाली आणि पिळण्याचा हिशेब सुटला. त्यानंतर चेहरा उघडा (उजवीकडे वळलेला) की बंद (डावीकडे वळलेला), हे पकडीवर जास्तच अवलंबून राहिलं. गोल्फपटू बेन होगन यांनी हूकच्या (चेंडू हवेत डावीकडे वळण्याच्या) त्रासातून डावा हात डावीकडे वळवून पकड 'वीक' केली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे हात उजवीकडे जास्त वळले तर चेहरा बंद होऊन हूक आणि डावीकडे वळले तर स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं), हे गणित आजही तेच आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत रबराची घसरवून बसवायची ग्रिप रूढ झाली आणि चामड्याची गुंडाळी मागे पडली. सातत्याच्या दृष्टीने हा मोठा टप्पा, कारण आता प्रत्येक क्लबवर मूठ सारखी करता येते. याच काळजीतून बोटांचे खाचे असलेल्या सरावाच्या ग्रिपही निघाल्या. हाताला जागा शिकवायला त्या उत्तम आहेत, पण नियमांत बसत नाहीत. ग्रिपचा छेद साधारण गोल हवा. पटर (चेंडू होलकडे हळू ढकलायचा क्लब) सोडल्यास इतर क्लबवर पूर्ण लांबीभर सरळ, किंचित उठलेली एक धार एवढीच मुभा आहे. खाच्यांच्या ग्रिपने सामन्यात एक फटका मारला तरी खेळाडू बाद. बॅगेत नुसती ठेवली तर दंड नाही, पण सोबत नेता येणाऱ्या १४ क्लबांत तो क्लब मोजला जातो.

ती धारच पुष्कळदा घात करते. ग्रिप बदलताना एका आयर्नवर (धातूच्या पात्याच्या क्लबवर) धार बरोबर मागे, दुसऱ्यावर जराशी फिरलेली, अशी बसली की हात प्रत्येक क्लबवर वेगळा बसतो आणि खेळाडू स्वतःला दोष देत राहतो. दांडा शिकंज्यात धरून आधी चेहरा सरळ, काटकोनात आणावा, दुहेरी चिकट टेपवर सॉल्व्हंट ओतून ग्रिप एका दमात चढवावी आणि ओली असतानाच धार जुळवावी. जाडीही तपासावी. डावी मधली आणि अनामिका तळव्याच्या अंगठ्याखालच्या उंचवट्याला जेमतेम टेकली म्हणजे माप बरोबर. टेपचा एकेक जादा थर सुमारे १/६४ इंच जाडी वाढवतो.

पकड बसवण्याचा क्रम मात्र व्हार्डनच्या काळापासून फारसा बदललेला नाही. आधी क्लबचा चेहरा लक्ष्याकडे, मग हात. दांडा डाव्या करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका जावा, तळव्याची टाच वर बसावी आणि वरून पाहताना डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या दोन ते अडीच गाठी दिसाव्यात. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन आणि उजव्याच्या मधल्या दोन बोटांत. हात आधी आणि चेहरा नंतर जुळवला, तर मनगट फिरवून चेहरा 'सरळ' केला जातो आणि खाली येताना तो पुन्हा फिरतो.

दांडा तळव्यात जातोय का हे हातमोजा सांगतो. तळव्याच्या टाचेशी चामडं काळं पडून विरलं असेल तर क्लब तिथे घासतोय. गोव्यात मात्र हा निष्कर्ष काढण्यापूर्वी ग्रिप पाहावी. घाम, खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल यांनी रबर चकचकीत होतं, हात नकळत घट्ट आवळले जातात आणि पकड तळव्याकडे सरकते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने ग्रिप घासून सावलीत वाळवावी. गाडीच्या डिकीत तापू देऊ नये. पावसाळ्यात दोन हातमोजे आलटून पालटून वापरावेत आणि ओला मोजा बॅगेत चुरगळून न टाकता पसरून वाळवावा.