नजर तयार होते म्हणजे काय होतं?

ताटात तांदूळ पसरून निवडायला बसलेल्या आजीला खडा शोधावा लागत नाही, तो तिला दिसतो. शेजारी बसलेलं नातवंड मात्र त्याच ताटात दाणा न दाणा न्याहाळत असतं. आजीच्या नजरेत सरावाने नेमकं काय आलं, याचं मोजमाप प्रयोगशाळेत नीट सुरू झालं ते १९६०च्या दशकात.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी लोकांपुढे अक्षरांच्या ओळींच्या याद्या ठेवल्या. 'झेड' हे अक्षर ओ, क्यू, जी अशा गोलसर अक्षरांत चटकन सापडे. व्ही, एक्स, डब्ल्यू अशा कोनदार गर्दीत वेळ लागे. पण बरेच दिवस सराव झाल्यावर माणसं दहा अक्षरं एकदम, जवळपास एका अक्षराच्याच वेगाने शोधू लागली. वर्तमानपत्रं चाळून असंख्य ग्राहकांची नावं टिपणाऱ्या कात्रण-सेवेतल्या माणसांचं कसब हेच होतं.

मग नुसत्या सरावाने नजर तयार होते का? माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रयोग इथे येतो. १९७७ साली वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफ्रिन यांनी दाखवलं की शोधायची अक्षरं कायम तीच असतील, तरच शोध आपोआप होऊ लागतो. आत्ता शोधायचं अक्षर पुढच्या खेपेला गर्दीत टाकलं, तर कितीही सराव करा, प्रत्येक अक्षर कष्टानेच तपासावं लागतं. पुढे त्यांनी तयार झालेल्या लोकांचा डावच उलटवला: शोधायची अक्षरं गर्दीत आणि गर्दीतली शोधायला. ही माणसं सरावाच्या पहिल्या दिवसापेक्षाही वाईट ठरली. जुन्या अक्षरांकडे नजर आपसूक ओढली जाई आणि ती सवय मोडायला हजारो खेपा लागल्या.

२०१३ साली अमेरिकेतच २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणाऱ्या यंत्राप्रमाणे, त्यांच्यातल्या बहुतेकांची नजर थेट त्या गोरिलावर पडून गेली होती.