प्रवाही काँक्रीटमधले धागे: आकुंचन कमी होते की तडे?

मातीत भुसा, चुन्यात घोड्याचे केस ही जुनी युक्ती. काँक्रीटमध्ये कृत्रिम धागे घालण्याचा विचार अमेरिकेत १९६०च्या दशकात झाला, तोही काँक्रीट सुकताना होणाऱ्या आकुंचनासाठी नाही, स्फोटाचा मारा सोसणाऱ्या लष्करी बांधकामांसाठी. पुढे बारीक पॉलिप्रॉपिलिन धागा फरशीच्या कामांत रुळला आणि घनमीटरला ०.९ किलो हा आकडा त्याला कायमचा चिकटला. मूळ हिशेब घनयार्डाला दीड पौंडाचा. आपल्याकडे ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यामागे १२५ ग्रॅमची पुडी टाकतात. घनमीटरला आठ पोती धरली की तेवढाच, साधारण एक किलो.

१९८८मध्ये जपानात प्रवाही काँक्रीट, म्हणजे व्हायब्रेटरशिवाय (हलवून दाबणाऱ्या यंत्राशिवाय) आपोआप साच्यात बसणारे काँक्रीट, तयार झाले. कुशल मजूर मिळेनात आणि नीट न दाबलेले काम टिकेना, ही त्यामागची निकड. पण प्रवाहीपणासाठी सिमेंट-पाण्याची पेस्ट वाढली, खडी घटली. आकुंचते ती पेस्टच. खडी तिला आवरून धरते. शिवाय या मिश्रणात ब्लीडिंग (पाणी वर येणे) कमी, त्यामुळे उन्हावाऱ्यात स्लॅबचा पृष्ठभाग लगेच सुकतो आणि फिनिशिंग उरकायच्या आत केसासारखे तडे दिसू लागतात. धागे इथे कामाला आले.

खरा घोळ चाचणीने घातला. नेहमीच्या अमेरिकी चाचणीत १०० मिलिमीटर खोलीच्या साच्यात मधोमध ६३.५ मिलिमीटर उंचीची धातूची धार असते, म्हणजे तडा तिथेच जावा. सुमारे ३६ अंश तापमान, पंख्याचा वारा, आणि तासाला चौरस मीटरमागे निदान एक किलो बाष्पीभवन. २४ तासांनी मोजतात ती तड्याची रुंदी. धाग्याच्या माहितीपत्रकात मात्र ही रुंदी घटली की तिचेच ‘आकुंचनात घट’ होते! धाग्याचा ताठपणा ३.५ ते ५ गिगापास्कल, मुरलेल्या काँक्रीटचा २५ ते ३०. पहिल्या काही तासांत काँक्रीट धाग्यापेक्षा मऊ असते, म्हणून धागा त्याला धरून ठेवतो. नंतर महिनोन्‌महिने चालणाऱ्या सुकण्याच्या आकुंचनाला एवढ्याशा धाग्याने फारसा फरक पडत नाही. तरीही पुडीच्या भरवशावर जमिनीवरच्या स्लॅबमधली पोलादी जाळी गाळली गेली. तो निर्णय माझ्या मते काटकसरीचा होता, अभियांत्रिकीचा नव्हे.

जाळीशी बरोबरी सांगायची तर जाड, ४० ते ६० मिलिमीटर लांबीचे धागे हवेत, घनमीटरला तीन-चार किलोंपासून पुढे. २००६च्या युरोपीय मानकाने ०.३ मिलिमीटर व्यासाची रेघ ओढून बारीक आणि जाड धागे वेगळे केले. पण जाड धाग्यांनी प्रवाहच अडतो: स्लम्प-फ्लोच्या (काँक्रीट किती पसरते ते पाहण्याच्या चाचणीच्या) ताटावर काँक्रीट पसरते, धागे मात्र मध्ये ढीग करून बसतात. मग प्लॅस्टिसायझर (काँक्रीट पातळ करणारे रसायन) वाढवायचा, बारीक भुकटी वाढवायची, म्हणजे पेस्ट पुन्हा जास्त. म्हणून अलीकडे दोन कामे वेगळी केली जातात: आकुंचन घटवायला रंध्रांतल्या पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे रसायन, आणि तरीही पडतील ते तडे बारीक ठेवायला धागे. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, दोन्ही वापरले तरी टळत नाही.