ठोसा हातात नसतो, पायात असतो

उभे राहा. डावा पाय एक पाऊल पुढे, उजव्या पायाची टाच जराशी उचललेली, गुडघे सैल, दोन्ही मुठी हनुवटीपाशी. आता समोर कुणी तळहात धरला आहे असं समजा आणि उजव्या हाताने त्यावर ठोसा मारा.

सवय नसलेला माणूस इथे फक्त हात फेकतो. ठोसा खांद्यापाशी सुरू होतो आणि कोपरापर्यंत पोहोचेतो त्यातला दम संपलेला असतो. शिकवणारा मग सांगतो, हात विसरा, टाच फिरवा. मागच्या पायाचा चवडा जमिनीला रेटतो, टाच बाहेर वळते, तिच्यापाठोपाठ गुडघा, खुबा, कंबर, छाती, खांदा अशी सगळी मंडळी रांगेने फिरतात आणि मूठ सगळ्यांत शेवटी पोहोचते. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा, एवढा जोर आला कुठून, म्हणून माणूस स्वतःच्याच हाताकडे बघत राहतो. बघायला हवं पायाकडे.

साठी-सत्तरी ओलांडलेल्यांना बॉक्सिंगचा सराव का सुचवला जातो, याचं बरंचसं उत्तर त्या टाचेत आहे. इथे कुणी कुणाला मारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ठोसे पडतात ते टांगलेल्या बॅगेवर, शिक्षकाच्या हातातल्या पॅडवर किंवा नुसत्या हवेत. डोक्यावर बसणाऱ्या ठोशांनी मेंदूचं काय होतं याचं वर्णन हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ सालीच केलं होतं. त्यामुळे ज्येष्ठांच्या वर्गात समोरासमोरची लढत मुळात नसतेच. कुठे असेल, तर तिथून परत फिरावं.

आता टाचेकडे. म्हातारपणी ताकद कमी होते हे सगळे जाणतात. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर ही घसरण जोर धरते. पण ताकदीच्याही आधी, आणि तिच्याहून झपाट्याने, जातो तो वेग. स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू तासन्‌तास उभं राहायला, चालायला कामी येतात. वेगवान तंतू झटक्यासाठी राखीव असतात, आणि वय वाढतं तसे हेच तंतू जास्त बारीक होतात. रोजच्या बोलण्यात आपण ताकद आणि शक्ती हे शब्द अदलून-बदलून वापरतो, पण भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे ठरावीक वेळात किती काम झालं याचं माप. खुर्चीतून सावकाश उठायला ताकद पुरते. पायपुसण्यात पाय अडकल्यावर दुसरा पाय पुढे टाकायला शक्ती लागते, आणि त्यासाठी हाताशी एखादा सेकंदही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात. यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. आणि तरीही ज्येष्ठांना घरीदारी ऐकू येणारा शब्द एकच: सावकाश. सावकाश उठा, सावकाश चला, घाई करू नका. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वर्षानुवर्षं सगळं सावकाशच केलं, तर वेगवान तंतूंना कामच उरत नाही, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी ते हाकेला ओ देत नाहीत. बॉक्सिंगच्या सरावाची मला पटणारी बाजू हीच. पाय जमिनीवर पक्के ठेवून, पडण्याचा फारसा धोका न पत्करता, झटक्याचा सराव करायला मिळतो. उशीर झाला असं म्हणायलाही जागा नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांनी आठ आठवडे वजनं लावून पायांचा व्यायाम केला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम बॉक्सिंगचा नव्हता, पण त्या वयाचा स्नायूही शिकतो एवढं त्यातून दिसलं.

दुसरी गोष्ट पायांच्या हालचालीची. बॉक्सिंगमध्ये पहिल्याच दिवशी एक नियम कानीकपाळी ओरडून सांगतात: पायात पाय घालू नका. डावीकडे सरकायचं तर आधी डावा पाय उचलायचा, उजवीकडे तर उजवा, आणि दुसरा मागून येऊन पुन्हा तेवढंच अंतर राखतो. बॉक्सरसाठी हा नियम प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने कोलमडू नये म्हणून आहे. उतारवयात प्रतिस्पर्धी नसतो, पण कोलमडण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं. बाजूला तोल गेला की घाईत एक पाय दुसऱ्यावर आपटतो, आणि कुशीवर पडलं तर खुब्याचं हाड मोडण्याची भीती सर्वांत मोठी. आपण रोज चालतो ते सरळ पुढे, बाजूला फार क्वचित. त्यामुळे बाजूच्या पावलाचा हा सराव चालण्यातून मिळत नाही. त्यात भर म्हणजे ठोसा चुकवायला खाली वाकायचं असतं, आणि ते कमरेत न वाकता गुडघ्यांत बसून. शिक्षक लांब स्पंज डोक्यावरून फिरवतो, आपण खाली बसतो, उठतो. पंधरा वेळा उठाबशा काढा म्हटलं तर कुरकुर होईल. इथे त्या हसतखेळत होऊन जातात.

तिसरी गोष्ट डोक्याची. ठोशांना आकडे दिलेले असतात. एक म्हणजे पुढच्या हाताचा सरळ जॅब, दोन म्हणजे मागच्या हाताचा क्रॉस, तीन-चार म्हणजे बाजूने येणारे हुक, पाच-सहा म्हणजे खालून वर जाणारे अपरकट. शिक्षक ओरडतो, ‘एक, एक, दोन!’ ते जमलं की ‘एक, दोन, तीन, खाली!’ आकडे ऐकायचे, लक्षात ठेवायचे, क्रमाने मारायचे आणि पायही सांभाळायचे. नवख्याची फजिती बघण्यासारखी असते. आकडे आठवले की पाय थिजतात, पाय हलले की तीनच्या जागी चार पडतो.

ही फजिती क्षुल्लक नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमासारख्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांचं फार साधं निरीक्षण केलं. सोबत चालताना बोलायला सुरुवात केली की कोण थांबतं? बारा जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. चालणं आपोआप होत असेल तर बोलायला लक्ष उरतं. चालण्यावरच सगळं लक्ष खर्च होत असेल, तर बोलायला थांबावं लागतं, किंवा न थांबता पडावं लागतं. दोन कामं एकाच वेळी करण्याची ही क्षमता सरावाने सुधारते, आणि आकडे ऐकत सरकणं हा त्याचाच सराव.

या सगळ्याला प्रसिद्धी मिळाली ती पार्किन्सन्समुळे. या आजारात डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात, हालचाली मंद आणि आखूड होतात, आवाज बसतो. स्कॉट न्यूमन या अमेरिकी वकिलाला चाळिशीतच हा आजार जडला. मित्राच्या आग्रहावरून तो बॉक्सिंगचा सराव करू लागला, बरं वाटलं, आणि २००६ साली इंडियानापोलिसमध्ये ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ सुरू झालं. तिथला कार्यक्रम पुढे अनेक देशांत पोहोचला. या वर्गांत ठोसे मोठमोठ्याने मोजायला लावतात, बसलेल्या आवाजालाही व्यायाम होतो. मुहंमद अलीला १९८४ साली याच आजाराचं निदान झालं होतं, आणि त्याच्या डोक्याने खाल्लेल्या ठोशांचा त्यात किती वाटा होता यावर अजून वाद घातला जातो. ज्या खेळाकडे बोट दाखवलं गेलं, त्याचाच अर्धा भाग आता या रुग्णांच्या कामी येतो आहे.

पुरावा मात्र जपून वाचावा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्किन्सन्सच्या ३१ रुग्णांचे दोन गट पाडले, एक बॉक्सिंगचा, दुसरा नेहमीच्या व्यायामाचा. तोल आणि हालचाली दोन्ही गटांत सुधारल्या. चालण्याचा वेग आणि दम वाढला तो फक्त बॉक्सिंगच्या गटात, तर ‘मी पडणार नाही’ हा विश्वास नेहमीच्या व्यायामवाल्यांत जास्त वाढला. ३१ माणसांवरून फार मोठे दावे करू नयेत. निरोगी ज्येष्ठांसाठी याहून भक्कम आधार आहे तो एकूणच तोलाच्या व्यायामांना. २०१९ साली १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ताय ची या संथ चिनी व्यायामप्रकारानेही फायदा होतो. मग बॉक्सिंगच कशाला? माझ्या मते, बॅगेवर ठोसा नीट बसल्यावर ‘धप्प’ असा जो आवाज येतो त्यासाठी. व्यायाम कुठलाही चांगला असो, माणूस दुसऱ्या महिन्यातही यायला हवा.

सगळ्यांनी लगेच ग्लोव्हज घालावेत असं नाही. हाडं ठिसूळ असतील तर कंबर जोरात पिळणं मणक्याला महागात पडू शकतं. रक्तदाब आटोक्यात नसेल, नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा खांदा दुखरा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. ठोसा मारताना श्वास कोंडू नये, प्रत्येक ठोशाबरोबर सोडावा. बॉक्सर ‘हस्‌’ असा आवाज काढतात तो याचसाठी. ग्लोव्हजच्या आत हाताला लांब पट्टी गुंडाळायची, मनगट सरळ, अंगठा मुठीच्या बाहेर. उभं राहणं कठीण असेल तर खुर्चीत बसूनही सराव होतो, फक्त मग टाचेचं काम कमरेला करावं लागतं.

चांगल्या वर्गात आणखी एक गोष्ट शिकवतात, जी ठोशांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षक सगळ्यांना जमिनीवर झोपायला लावतो आणि म्हणतो, आता उठा. पडल्यावर हाडं शाबूत असूनही उठता येत नाही म्हणून तासन्‌तास जमिनीवर राहिलेल्या वृद्धांची संख्या कमी नाही. तर आधी कुशीवर वळायचं, मग हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत जवळच्या खुर्चीपाशी जायचं, खुर्चीवर दोन्ही तळहात टेकायचे आणि बळकट पाय आधी पुढे घ्यायचा. चवडा जमिनीला रेटतो, गुडघा सरळ होतो, पाठोपाठ खुबा आणि कंबर वर येते. क्रम तोच, ठोशाचा.