पेटीने गंधार सोडावा

नागपुरात धरमपेठेतल्या एका खोलीत मे महिन्यात आमची तालीम चालते. बासरी, व्हायोलिन, सतार, पेटी आणि तबला. पोट्टे नववी-दहावीतले, म्हणून भूप रागातली मध्यलय तीनतालाची साधी गत, म्हणजे वाद्यांवर वाजवायची बंदिश, घेतली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सगळंच वाजवलं. पाठांतर चोख, पण गंधारावर, म्हणजे ग वर, थांबलं की आवाज थरथरायचा. पेटीवाला रडकुंडीला आला, "सर, माही पेटी बिघडली का जी?"

पेटी ठीक होती. हिशेबाला सोपं म्हणून सा २४० हर्ट्झ धरू. जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार साच्या सव्वापटीत बसतो, म्हणजे ३०० हर्ट्झ. बासरी आणि व्हायोलिन वाजवणारे कानाने तिथेच जातात. आजच्या बहुतेक पेट्यांमध्ये मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार ३०२.४ च्या आसपास पडतो. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोन-अडीच वेळा फुगतो आणि बसतो. यालाच विस्पंद म्हणतात. पंचमाला, म्हणजे प ला, हा त्रास जवळजवळ नाही: ३६० आणि ३५९.६, म्हणजे अडीच सेकंदांत एक हेलकावा. आणि भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा, स्वर नेमका गंधार!

मग गत नव्याने वाटून दिली. पेटीने फक्त सा आणि प धरून ठेवायचे. गंधारावरचा मुक्काम बासरीचा, व्हायोलिन तिच्याच सुरात खालच्या सप्तकात. सतारीला मधल्या जागा भरायला दिल्या, पण मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, सा-रे एकत्र घुमू द्यायचे नाहीत असं बजावलं. तिथले जवळचे दोन स्वर कानातल्या शंखाकृती नळीत जवळजवळ एकाच जागी कंप उठवतात, म्हणून ते वेगळे न ऐकू येता नुसती घरघर होते. तेच दोन स्वर वरच्या सप्तकात बरेच मोकळे वाटतात.

आता आपलं ऊन. २० अंशांना ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, ४० अंशांना सुमारे ३५५. बासरीतली हवा तापली की तिचा सूर चढतो. फुंक मुळातच उबदार असल्याने प्रत्यक्षात फरक या हिशेबापेक्षा कमी पडतो, पण पडतो. सतारीची पोलादी तार उन्हाने लांबते, सैल होते, तिचा सूर उतरतो. त्यात कूलर लावला की हवा दमट होते, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओलावा शोषून ढिली पडते. एकाच खोलीत एक वाद्य वर निघालंय, दोन खाली.

म्हणून वाद्यं खोळीतून काढून, कूलर चालू ठेवून अर्धा तास तशीच ठेवतो. पोट्टे तोवर गत हाताने ताल देत म्हणतात. मग पेटीचा सा, आणि बाकीचे त्याला मिळवतात. परवा गंधारावर बासरी आणि व्हायोलिन थांबले, खाली पेटीचा सा-प होता, आणि तो थरथराट नव्हता. पेटीवाल्याने भात्यावरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं.