शालेय फिजिओथेरपी

शालेय फिजिओथेरपी : (शालेय भौतिकोपचार). हालचालींत अडचण असलेल्या मुलामुलींना शाळेचा दिवस इतरांबरोबर पार पाडता यावा, म्हणून शाळेतच दिली जाणारी भौतिकोपचाराची मदत. दवाखान्यात सांधा किती अंशांत वळतो ते मोजतात; शाळेत मूल प्रार्थनेला किती वेळ उभे राहते, मधल्या सुट्टीत डबा खाऊन स्वच्छतागृहात जाऊन येते का, हे पाहावे लागते.

कामाची सुरुवात बहुधा बाकापासून होते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे) असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत राहिले, तर धड सावरण्यातच त्याची शक्ती जाते आणि अक्षर बिघडते. पायाखाली घरचा लाकडी पाट ठेवला तरी फरक पडतो. घोट्याला आधार देणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट गणवेशाच्या बुटात सहसा मावत नाही. बूट मोठ्या मापाचा घ्यावा लागतो. ठाण्याच्या पावसात मोजा भिजला की कातडी सोलवटते. म्हणून शाळेत पोहोचल्यावर मोजा बदलून पाय पाहायचा. स्प्लिंट काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट दुरुस्तीला द्यायचा. हे काम थेरपिस्टपेक्षा आई किंवा शाळेतल्या मावशीच करतात. त्यांना शिकवणे हाच उपचाराचा मोठा भाग.

सर्वांना एकच व्यायाम चालत नाही. ड्यूशेन स्नायुक्षयात (स्नायू हळूहळू झिजत जाणारा आनुवंशिक आजार) ‘ताकद वाढवू’ म्हणून जोर काढायला लावणे अपायकारक ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 (अंमल 19 एप्रिल 2017 पासून) नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलांना आपल्या पसंतीनुसार जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शालेय शिक्षणासाठीच्या सरकारी समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक शाळांना भेटी देतात. नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण, प्रशिक्षण व सेवा) केंद्र वाशीत आहे. सर्वसाधारण शाळेत मात्र पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट क्वचितच आढळतो.

जिन्याचा प्रश्न व्यायामाने सुटत नाही. दोन-तीन मजली शाळेत लिफ्ट नसेल, तर वर्ग तळमजल्यावर आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पण संगणक कक्ष दुसऱ्या मजल्यावरच राहिला, तर त्या तासाला मूल खाली एकटेच दप्तरांची राखण करत बसते.