खळगा म्हणजे भोक नव्हे

चंद्रासारखा खळग्याखळग्यांचा एक फोटो फॉरवर्ड होत असतो: 'पाहा, कंडोमची छिद्रे!' 2003 साली व्हॅटिकनचे कार्डिनल आल्फोन्सो लोपेझ त्रुहियो बीबीसीवर तेच म्हणाले होते, की एड्सचा विषाणू कंडोमच्या जाळीतून सहज पार होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ते खोडून काढले. फोटो खरा असेलही. गडबड असते ती त्याखालच्या मजकुरात.

कंडोमची भिंत साधारण 60 ते 70 मायक्रॉन जाड असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काचेचा साचा रबराच्या चिकात सहसा दोनदा बुडवतात, म्हणजे पहिल्या थरातल्या बुडबुड्यावर दुसरा थर बसतो. 5 मायक्रॉन खोल खळगा या भिंतीवर नुसता टवका ठरतो.

तपासायचेच तर आधी सिलिकॉन तेल आणि पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, नाहीतर पावडरीचे कणच दोष वाटतात. तुकडा न ताणता स्लाइडवर पसरावा; सुरकुती हुबेहूब चिरेसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकाच्या 10 पटीच्या भिंगाखाली, वरून प्रकाश टाकून खळगा शोधावा. मग बारीक फोकसचे चाक फिरवत आधी काठ, नंतर तळ स्पष्ट करावा. चाकावरच्या खुणांतला फरक म्हणजे खोली. तळ सापडला की प्रश्न मिटला. नाही सापडला, तर तुकडा उलटून त्याच जागी पाहावे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहणाऱ्या यंत्रात, वेगळीच फसगत होते. रबरातून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर काही नॅनोमीटर सोन्याचा मुलामा चढवतात. त्यानंतर तुकडा ताणला की रबर ताणते, सोने मात्र तडकते. फोटोत भेगांचे जाळे येते, पण भेगा सोन्याच्या! म्हणून आधी ताणून चिमट्यात पकडावे, मग मुलामा चढवावा. आडवा छेद हवा असेल तर कात्री नको, तिने कडा ओढली जाते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून तुकडा मोडावा.

आता हिशेब. 180 मिमी लांब, 53 मिमी रुंद कंडोमचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे 19,000 चौरस मिमी. भिंगाखाली एका वेळी जेमतेम 3 चौरस मिमी दिसते. प्रत्येक जागेला 10 सेकंद दिले तरी सुमारे साडेसतरा तास गेले.

म्हणून कारखान्यात प्रत्येक नग धातूच्या साच्यावर चढवून विजेने तपासतात. भोक असेल तिथून प्रवाह जातो. शिवाय नमुन्यातल्या नगांत 300 मिली पाणी भरून टांगतात, सोख कागदावर लोळवतात. पाणी झिरपले तरच सूक्ष्मदर्शकाची पाळी: धूळ होती, बुडबुडा होता, की साचा तेलकट राहिला होता? खूण पेनने करायची, पण भोकाच्या बाजूला. शाई आत गेली की कडा वाचता येत नाही.